पट्टीतला चोर

६ जानेवारी

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. चार महिन्यांत एक ओळ नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. ते तसंच राहू दे, कारण आज मी कामाने लिहितोय. फोन करता आला असता, पण तो स्वयंपाकघरात आहे आणि तुझ्या वहिनीचे कान तर तुला माहीतच आहेत.

एक मोठं काम आलंय. चौदा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, बारा जण बसतील असं वाचनाचं टेबल. वाचणारे सगळे अंध. उठावदार ठिपक्यांची पुस्तकं असतात ना, बोटांनी वाचायची, तसलं वाचनालय आहे. ते चालवणाऱ्या बाईही जन्मापासून अंध. त्या स्वतः कारखान्यात आल्या, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे दिसत नाही ते आमच्या लोकांना टोचतं. लाकडावर एक रेघ जरी राहिली, तरी बोट तिथे अडतं आणि वाक्य तुटतं." वीस मार्चला त्या पुन्हा येणार, टेबलावर दोन्ही हात फिरवणार, आणि मी त्यांना आधी न सांगितलेलं काही हाताला लागलं तर टेबल तिथेच सोडून जाणार. असं त्यांनी हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. बाबांच्या जागी उभा राहिल्यापासून असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलंय. बाकीच्यांना वरचं पॉलिश चमकलं की पुरतं.

सोबत वीतभर पट्टी पाठवतोय. बाबांचा खेळ आठवतो ना? रंध्याने पट्टी साफ करायची, तिच्यात एक चोर ठेवायचा, म्हणजे केसाएवढा उंचवटा नाहीतर खळगा, आणि आपण दोघांनी डोळे मिटून तो पकडायचा. यात मी एक चोर ठेवलाय. सापडला तर कळव. गिरणीत कापडं चाचपून तुझी बोटं बोथट झाली असतील, अशी माझी समजूत आहे.

वहिनीला यातलं काही बोलू नकोस. या वयात खेळ सुचतात म्हणून माझी फजिती करेल.

तुझा,
दादा

१४ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पोस्टमनने पाकीट हलवून विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, चोर आहे. बिचारा दोन पावलं मागे सरला.

चोर पकडला. डाव्या टोकापासून चार बोटांवर, किंचित तिरपा चढ. रंध्याच्या पात्याचा एक कोपरा बाहेर ठेवून काढलेला आहेस, बरोबर? बाबांची जुनी युक्ती. बाकी पट्टी अगदी साफ आहे. आमच्या ह्यांनी ती पुस्तकात खूण म्हणून घातली होती, मी काढून माझ्याकडे ठेवली. बोटं बोथट वगैरे काही झालेली नाहीत. रोज सहाशे मीटर कापड या हातांखालून जातं आणि एक सुटा धागा हातून निसटला तर मुकादम माझं डोकं खातो.

टेबलाचं ऐकून छान वाटलं. एक विचारू का? बाबांचा नियम होता, टेबल ज्याने बनवलं त्याने ते पास करायचं नाही. घरातला दुसरा हात वरून फिरल्याशिवाय टेबल दाराबाहेर जायचं नाही. मी घरी होते तोवर तो हात मी फिरवत होते. (तो विषय मी काढत नाहीये, कपाळाला आठ्या घालू नकोस.) पण मी गेले, त्याच वर्षी बाबाही गेले, मग ही अकरा वर्षं दुसरा हात कोणाचा आहे?

तुझी,
खारू

२२ जानेवारी

चि. खारूस,

एकच ना? तू एकच लिहिलंयस. मी पत्र चार वेळा वाचलं. एकच सापडला आणि बाकी साफ, असंच ना?

मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते सांगत नाही, उगाच चढून बसशील.

दुसरा हात कोणाचा म्हणतेस, तर माझाच. उजव्याने रंधायचं आणि डाव्याने तपासायचं. हसू नकोस. कारखान्यात दुसरं कोण आहे? तुझ्या वहिनीला लाकूड म्हणजे फक्त झाडून काढायचा भुसा.

सोबत आणखी एक पट्टी आहे. ही कोरी आहे, हिच्यात चोर ठेवलेला नाही. तरी नीट बघ. घाईत बघू नकोस. काम संपवून, हात धुऊन, दोनदा फिरव. काही लागलं तर लागलं म्हण, नाही लागलं तर नाही म्हण. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. म्हणजे तसं विशेष काही नाही, रंध्याला नवीन पातं बसवलंय, ते कसं चालतं एवढंच बघायचंय.

उत्तर लवकर पाठव. फळ्या निवडून झाल्यात, जोडायला मी तुझ्या पत्रासाठी थांबलोय.

दादा

३० जानेवारी

प्रिय दादा,

हात धुतले, दोनदा काय तीनदा फिरवला. कोरी पट्टी कोरीच आहे. पातं झकास आहे, खुशाल फळ्या जोड.

आता माझं ऐक. तू पेन्सिलने का लिहायला लागलास? आणि इतकं दाबून का? कागद उलटा केला तर मागच्या बाजूने मला तुझं पत्र बोटांनी वाचता येतं. "अवलंबून" या शब्दापाशी तर कागद फाटलाय. तुझं अक्षर किती हलकं असायचं. बाबा म्हणायचे, याचं अक्षर कागदाला न शिवता जातं.

दुसरं म्हणजे, पट्टीच्या कडेला एक तपकिरी डाग आहे. अंगठ्याएवढा. पॉलिशचा नाही, पॉलिश असं लाकडात शिरत नाही. कसला आहे तो?

उत्तरात पातं, फळ्या आणि हवापाणी यांच्याशिवायही काहीतरी लिही.

खारू

५ फेब्रुवारी

चि. खारूस,

तू गिरणीत तपासनीस आहेस, माझ्यावर नेमलेली नाहीस. पेन्सिल हाताशी होती म्हणून पेन्सिल. डाग चहाचा असेल नाहीतर सरसाचा. सुताराच्या कारखान्यात डाग पडतात, हे तुला मी सांगायला हवं का?

टेबलाचं म्हणशील तर काम जोरात आहे. सागाच्या पाच फळ्या जोडल्या. सरस लावला, शिकंजे आवळले, दोन दिवस हात लावला नाही. जोड असे मिटले आहेत की शिवण शोधावी लागते. आता वरून रंधा चालू आहे. तुझी दोन्ही पत्रं मी बाकाच्या वर खिळ्याला अडकवलीत. येता जाता नजर टाकतो आणि पुढे जातो.

परवा एक गंमत झाली. सरसाचं भांडं चुलीवरून उचललं आणि फडकं घ्यायला विसरलो. उचलून चार पावलं चाललो, मग कसला तरी वास आला, तेव्हा लक्षात आलं की जळतंय ते आपणच. तुझ्या वहिनीने आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, सुताराची कातडी आहे, जोडा शिवता येईल.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी पायांचं लाकूड गोल करवतीवर घेणार आहे. सहा पाय. मग फारसं काही उरत नाही.

माझे हात ठणठणीत आहेत. तूच लिहिलंयस.

दादा

८ फेब्रुवारी

ती. वन्संना,

सा. न. मी तुम्हाला पत्र लिहितेय याचंच तुम्हाला नवल वाटेल. फोनवर बोलले असते, पण ह्यांचा आता नेम नाही, मागे येऊन उभे राहतात.

सरळच लिहिते. तुमच्या दादाच्या बोटांना काही कळत नाही. कधीपासून ते सांगत नाहीत, पण उन्हाळ्यापासून मी बघतेय. शर्टाची बटणं आरशात बघून लावतात. हातातून पेला सुटतो, आणि तो फुटल्याचा आवाज आल्यावर हाताकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मंगळवारी दुपारी मी चहा घेऊन कारखान्यात गेले. हे टेबलावर वाकलेले, गाल लाकडाला लावलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली. हाक मारली तर तसेच राहून गाल पुढे सरकवत होते. बोटांनी जे कळायचं ते गालाने बघत होते, वन्सं. आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून रक्त गळत होतं. पातं किती बाहेर आलंय ते तुम्ही लोक बोटाने बघता ना, तसं बघताना कापलं असेल. टेबलावर हातभर लांब लाल पट्टे, आणि त्यांच्यावरूनच रंधा चालवलेला. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि मला विचारलं, "हे कुठून आलं?" जसं काही दुसरंच कोणी येऊन सांडून गेलं.

डॉक्टरचं नाव काढलं की खिळ्याकडे बोट दाखवतात. "खारूने दोनदा तपासलंय. तिची बोटं खोटं बोलत नाहीत." पट्ट्यांचं मला तेव्हा कळलं. तुम्हाला पाठवल्या तशा आणखी चार पट्ट्या बाकाखाली सापडल्या. मी सुतार नाही. मला रंधा धरता येत नाही. पण त्यातली एक मी हातात घेतली आणि माझ्यासारखीच्या बोटालाही ती लागली. मग तुम्हाला कशी नाही लागली?

पुढच्या सोमवारी हे गोल करवतीवर बसणार आहेत. एवढंच सांगा, तुम्ही जे लिहिलंत ते खरं होतं का?

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

दादा,

सकाळपासून तीनदा फोन केला. तू फोनवर यायला तयार नाहीस असं वहिनी म्हणाली. म्हणून हे तातडीच्या टपालाने. सोमवारच्या आत पोचेलच. तरी मी वहिनीला सांगून करवतीचा फ्यूज काढायला लावलाय. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. त्याला कारण मी देतेच आहे.

पहिल्या पट्टीत दोन चोर होते.

तू ठेवलेला डावीकडचा एक. आणि उजव्या टोकाला एक लांब खळगा, जो तू ठेवलेला नव्हतास. तो माझ्या बोटाला आधी लागला. कोऱ्या पट्टीत तीन होते. तिसरा तर इतका मोठा की पट्टी उन्हात तिरपी धरली तर डोळ्यांना दिसत होता.

मी तुला खोटं लिहिलं. दोन्ही वेळा समजून उमजून लिहिलं. का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. अकरा वर्षांपूर्वी ते जेवणाचं टेबल. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, इथे चढ आहे. बाबा त्या माणसासमोरच तुला म्हणाले, "हिचा हात तुझ्याहून शहाणा आहे." तू रंधा खाली ठेवून निघून गेलास. महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. ताट वाढलं तर माझ्या हातून घेतलं नाहीस. मी गिरणीतली नोकरी धरली ती नोकरी हवी होती म्हणून नाही. तेव्हाच ठरवलं होतं, दादाच्या कामावर पुन्हा कधी बोट ठेवायचं नाही.

पट्टी आली तेव्हा मला वाटलं, किती वर्षांनी हा माझ्याशी खेळतोय. याला दोन म्हटलं तर पुन्हा तेच. एक म्हटल्याने काय बिघडणार होतं? वीतभर लाकडाचा तुकडा. तू मला तुझी बोटं पाठवत होतास, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दादा, मशीनला हात लावू नकोस. पातं बोटाने बघू नकोस. डॉक्टरकडे जा. मग मला काय बोलायचं ते बोल.

खारू

१५ फेब्रुवारी

खारू,

पत्र शनिवारी मिळालं.

तुझी दोन्ही पत्रं खिळ्यावरून काढली. फ्यूज कुठे आहे ते तुझी वहिनी सांगत नाही. घरातल्या दोन बायकांनी मिळून मला माझ्याच कारखान्यात बसवून ठेवलंय.

उन्हाळ्यापासून माझ्या हातांना मोजे घातल्यासारखं वाटतं. आधी टोकं, मग पेरं. लाकडावर हात ठेवला तर लाकूड आहे एवढं कळतं, कसं आहे ते कळत नाही. मला कोणाला तरी विचारायचं होतं. डॉक्टरला विचारलं असतं तर तो सोड म्हणाला असता. वहिनीला विचारलं असतं तर ती रडली असती. सगळ्या जगात एकच हात होता जो मला खरं सांगेल अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीचं कारण तेच अकरा वर्षांपूर्वीचं टेबल होतं. तू गिऱ्हाईकासमोर बोलली होतीस. महिनाभर मी तुला शिव्या घातल्या असतील मनात, पण तू बोलतेस ते खरं असतं, हे तेव्हापासून धरून चाललो.

तू एकच म्हणालीस म्हणून मी फळ्या जोडल्या. तू कोरी म्हणालीस म्हणून वरून रंधा घातला. आता चौदा फूट लाकूड समोर पडलंय आणि त्यात किती चोर आहेत ते मला माहीत नाही. रक्ताचा डाग मी खरवडून काढला. तिथे काय झालंय तेही माहीत नाही.

तू येते म्हणशील. येऊ नकोस. येशील, हात फिरवशील आणि म्हणशील, छान झालंय दादा. ते मी कशाच्या आधारावर खरं मानू?

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

एक मार्चला सकाळच्या गाडीने येतेय. आठ दिवसांची रजा काढलीय. तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडेल.

छान झालंय असं मी एकदाही म्हणणार नाही. काही ठिकाणी ते तोंडावर येईल, तरी गिळेन. मी फक्त चोर सांगणार. खडूने खूण करणार, पुढे सरकणार. तू माझ्याकडे बघून काही विचारायचं नाहीस आणि मी तुझी समजूत घालायची नाही. वाईट वाटलं तर बाहेर जाऊन ये. महिनाभर बोलायचं नसेल तर तेही कर, फक्त या वेळी मी गाव सोडून जाणार नाही, कारण ते मी आधीच सोडलंय.

खडू माझा मी आणते. तुझा नेहमी तुटलेला असतो.

खारू

२३ मार्च

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. शब्द माझे, अक्षर तुझ्या वहिनीचं. कागद उलटा करून बघ, मागे काही लागणार नाही.

तू गेलीस त्या दिवशी स्टेशनवर मी तुझ्याशी बोललो नाही. गाडी हलेपर्यंत पाठ करून उभा राहिलो. त्याबद्दल नंतर लिहितो, आधी टेबल.

तुझ्या एकतीस खुणांपैकी एकोणतीस तू इथे असतानाच गेल्या होत्या. तू खडू लावायचा, वहिनीने रंधा धरायचा आणि मी तिच्या मनगटावर हात ठेवून ढकलायचं, असा तीन माणसांचा मिळून एक सुतार मी जन्मात पाहिला नव्हता. तिसावी आम्ही दोघांनी काढली. वहिनीला रंधा धरता येत नाही असं तिने तुला लिहिलं होतं, ते आता खोटं आहे. (हे वाक्य मी ह्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. वहिनी.) मला एक शोध लागला. रंधा नीट चालतो तेव्हा त्याचा आवाज एकसारखा लांब येतो, चढावर गेला की आवाज फाटतो. तीस वर्षं तो आवाज माझ्या कानांवर पडत होता आणि बोटं चालत होती म्हणून मी कधी ऐकला नाही.

राहिली एकतिसावी. रक्ताचा डाग खरवडताना पडलेली खळी. तू म्हणालीस, ती काढायची तर सगळं टेबल तासून अर्धं सूत खाली न्यावं लागेल आणि तेवढे दिवस नाहीत. तशीच ठेव, आणि बाईंचा हात लागायच्या आधी तू स्वतः त्यांना सांग. त्यावरूनच मी स्टेशनवर पाठ फिरवली. मला वाटलं, तू मला ते अकरा वर्षांपूर्वीचं टेबल परत देतेयस. मीच माझ्या तोंडाने गिऱ्हाईकाला म्हणायचं, इथे खळगा आहे.

वीस तारखेला बाई आल्या. सोबत कोणी नव्हतं, काठी टेकत एकट्याच. पहाटेपासून मी कारखाना तीनदा झाडला होता. ती खळी लाखेने भरून वरून पॉलिश ओढावं, असं त्याच सकाळी दोनदा मनात आलं, हे तुला खरं सांगतो. लाखेचा तुकडा हातात होता. तो हातात आहे की नाही ते मला बघून ठरवावं लागत होतं. मग ठेवून दिला.

त्यांनी हात पुढे केले तेव्हा मी म्हटलं, "बाई, आधी माझं ऐका. उजवीकडून तिसऱ्या जागी एक खळी आहे." आणि त्यांचा हात धरून तिच्यावर नेला.

त्यांनी बोट गोल फिरवलं. "कशाने पडली?"

मी सांगितलं. रक्त, खरवडणं, बोटं, उन्हाळा, पट्ट्या, तुझी पत्रं, सगळं. एवढं मी आजवर कोणाशी सलग बोललो नाही. बाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग माझे हात मागून घेतले आणि एकेक बोट दाबून विचारलं, इथे कळतं का, इथे कळतं का. दहा बोटं झाल्यावर त्यांनी माझे हात सोडले आणि टेबलाकडे वळल्या. एका टोकाला सुरुवात करून, खारू, पाऊण तास त्या टेबलाभोवती फिरल्या. पाऊण तास मी आणि वहिनी भिंतीला पाठ लावून उभे. दोनदा त्या मागे गेल्या, पुन्हा फिरवलं, पुढे सरकल्या. शेवटी फिरून त्या खळीपाशी आल्या, तिथे स्टूल ओढलं आणि बसल्या.

म्हणाल्या, "बाकी मला काही सापडलं नाही. आणि ही भरू नका. बारा खुर्च्यांतली माझी कुठली, हे मला रोज कोणाला तरी विचारावं लागतं. आता नाही लागणार."

मी कारखान्याच्या मागे जाऊन रडलो. वहिनी लिहायला नको म्हणतेय, मी लिही म्हटलं.

डॉक्टरकडे जाऊन आलो. घासायच्या मशीनची थरथर नसांत बसलीय म्हणतात. तू गेलीस त्याच वर्षी घेतलं होतं ते मशीन, दुसरा हात उरला नाही म्हणून. आता ते बंद. गोल करवतही बंद, फ्यूज वहिनीच्या कपाटात कुलपात आहे. बोटांची थोडी जाण परत येईल, बरीचशी येणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. पातं मी आता डोळ्यांनी बघतो. मोठं टेबल पुन्हा माझ्या हातून होईल का, ते मला माहीत नाही. लहान होईल की नाही हे बघायचंय.

त्याचसाठी सोबत पट्टी आहे. ही मी एकट्याने केली. वहिनीचा हात नाही, गाल नाही, फक्त कान. चोर मी एकही ठेवलेला नाही. स्टेशनवर मी वाईट वागलो. तूही मला खोटं लिहिलंस. फिटंफाट झाली असं मी म्हणत नाही, कारण मला अजून राग येतो, सकाळी जास्त येतो. पण विचारायला माझ्याकडे तूच आहेस.

किती आहेत ते सांग.

दादा

३१ मार्च

प्रिय दादा,

पट्टी काल मिळाली. हात धुतले, खिडकीत बसले, डोळे मिटले. घाई केली नाही. रात्रभर ठेवून आज सकाळी पुन्हा फिरवला.

दोन आहेत. एक डाव्या टोकाला, जिथे रंधा लाकडावर टेकवलास तिथे. तो मोठा आहे, तो वहिनीलाही कळेल. दुसरा मधोमध, लांबट खळगा. तिथे तू दम घ्यायला थांबलास आणि थांबताना हात जड झाला.

वाईट वाटलं असेल तर बाहेर जाऊन ये.

आलास? मग पुढचं वाच. तिसरा शोधायला मी अर्धा तास घालवला. तिसरा नाहीये.

पुढची पट्टी पाठव.

तुझी,
खारू